घरफोडी झाल्यावर: पुरावा कसा वाचवायचा, पोलीस तो कसा गोळा करतात आणि कोर्टात तो कशावर टिकतो

घरफोडीचा तपास बऱ्याचदा पोलीस दारात येण्याआधीच बिघडलेला असतो, आणि बिघडवणारे हात घरातल्यांचेच असतात. त्यात दोष कुणाचा नाही. गावाहून परतल्यावर कडीकोयंडा उचकटलेला दिसला की माणूस आत धावतोच. कपाटातला डबा उघडून बघतो, जमिनीवरचे कपडे उचलतो, शेजारी गोळा होतात, कुणीतरी चहा टाकतं. तासाभराने पोलीस येतात तेव्हा लॉकरच्या कप्प्यावर घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे असतात आणि चोराचा एकही शिल्लक नसतो.

खून, दरोडा, फसवणूक अशा सगळ्या गुन्ह्यांच्या तपासाचा सांगाडा साधारण सारखाच असतो. तरी इथे मी मुद्दाम घरफोडी घेतली आहे, कारण सामान्य माणसाचा पोलीस तपासाशी पहिला संबंध बहुधा तिथेच येतो. शिवाय पंचनामा, ठसे, सीसीटीव्ही, मोबाइल, मुद्देमालाची जप्ती हे सगळं तिच्यात येतं. लेखभर एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. पुरावा सापडणं हे निम्मंच काम आहे. तो जिथे सापडला तिथून न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत तोच, तसाच आणि कुणी हात न लावता पोहोचला हे दाखवता आलं, तरच तो पुरावा.

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे कायदे लागू आहेत. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खालचे कलमांचे आकडे या नव्या कायद्यांतले आहेत.

दाराबाहेर थांबा

कुलूप तुटलेलं दिसलं की पहिलं काम म्हणजे आत न जाणं. चोर अजून आत असू शकतो, हे एक कारण. उंबरठ्यापासून कपाटापर्यंतचा त्याचा रस्ता तुमच्या चपलांनी पुसला जातो, हे दुसरं. ११२ ला फोन करा, पत्ता सांगा आणि फोन केला ती वेळ लिहून ठेवा. आत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर अर्थातच आत जावं लागेल. तसं गेलात तर भिंतीच्या कडेने जा, कशालाही हात लावू नका आणि आलात त्याच वाटेने बाहेर या. पोलिसांना नंतर हे सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि सांगितलं नाही तर तुमच्याच चपलेचा ठसा चोराचा समजून तपास भलतीकडे जाईल.

दारातूनच फोनने फोटो काढा. आधी लांबून पूर्ण दार, मग मधल्या अंतरावरून कुलूप-कोयंडा, मग जवळून. नुसते जवळचे फोटो काढले तर ते कुठल्या दाराचे हेच नंतर कळत नाही.

झाडू मारणाऱ्या मावशींना त्या दिवशी जिना झाडायला येऊ देऊ नका. जिन्यात पडलेली गुटख्याची पुडी, बिडीचं थोटूक, पाण्याची अर्धी बाटली, वाकलेला स्क्रू-ड्रायव्हर कचरा वाटतो, पण तो चोराचाही असू शकतो. उचलू नका, पिशवीत भरू नका. अंगणात ओल्या मातीत पावलाचा ठसा दिसला आणि पाऊस येईलसं वाटलं, तर त्यावर घमेलं पालथं घाला. घरातलं बाथरूम वापरू नका. चोर घरात पाणी पितात, फ्रीज उघडतात, कधीकधी जेवतातसुद्धा. फ्रीजचं हँडल आणि टेबलावरचा काचेचा ग्लास या जागा ठशांसाठी कपाटापेक्षाही चांगल्या असतात, आणि घरचा माणूस पोलिसांची वाट बघताना नेमका त्याच ग्लासने पाणी पितो.

वेळ मिळाला की एका कागदावर तीन गोष्टी उतरवा. घर शेवटचं कुणी आणि किती वाजता बंद केलं, तुटलेलं सगळ्यात आधी कुणी आणि किती वाजता पाहिलं, मधल्या काळात चावी कुणाकुणाकडे होती. हा कागद फिर्याद देताना उपयोगी पडतो.

फिर्याद: थोडं, खरं आणि नेमकं

घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ त्याबद्दल बोलतं. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही. दुसऱ्या हद्दीतल्या गुन्ह्याची फिर्यादही शून्य क्रमांकाने घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. माहिती ऑनलाइन कळवली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. चोरीऐवजी वस्तू 'गहाळ' झाल्याचा दाखला देऊ करतील तर नम्रपणे नको म्हणा. गहाळ वस्तूच्या नोंदीवर चोरीचा तपास होत नाही. तरीही फिर्याद घेतलीच नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, शहरात पोलीस उपायुक्तांना, लेखी कळवा आणि पोच ठेवा. त्यानेही काम झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

फिर्यादीत वेळेला फार महत्त्व आहे. कायद्यात रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत. तुम्ही शनिवारी सकाळी गेलात आणि सोमवारी संध्याकाळी आलात, तर फिर्यादीत तोच कालावधी लिहा. 'रात्री दोनच्या सुमारास' असं कुणी सुचवलं तरी स्वतः पाहिलं नसेल तर लिहू देऊ नका. पुढे सीसीटीव्हीत चोर दुपारी चारला दिसला, तर तुमच्या एका अंदाजावर आरोपीचा वकील अर्धा तास उलटतपास घेईल.

गेलेल्या दागिन्यांची यादी किमतीपेक्षा वजनाने आणि खुणांनी करा. 'सोन्याची बांगडी, दोन नग' यातून काही ओळखता येत नाही. 'पाटली जोड, अंदाजे ४० ग्रॅम, एका पाटलीच्या फिरकीजवळ डाग दिलेला', असं लिहिलं तर तीच पाटली आहे हे नंतर सिद्ध करता येतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो. पावतीवर तो असेल तर यादीत टाका. पावती नसेल तर लग्नातले, मुंजीतले, हळदीकुंकवाचे जुने फोटो शोधून काढा. तुमच्या गळ्यातला तो दागिना फोटोत स्पष्ट दिसत असेल तर ओळखीसाठी त्याची मोठी मदत होते. मोबाइल किंवा लॅपटॉप गेला असेल तर खोक्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) किंवा सिरियल क्रमांक द्या.

आकडा फुगवू नका. विम्यासाठी म्हणून दहा तोळ्यांचे पंधरा तोळे झाले, तर चोराकडे दहाच सापडतील आणि कोर्टात खोटे तुम्ही ठराल. घरात रोकड होती तर ती कुठून आली हे सरळ सांगा. कुणावर संशय असेल तर 'संशय आहे, कारण अमुक' असं लिहा. घरकाम करणाऱ्या बाईंवर नुसत्या सवयीने संशय घेतला जातो, त्याने एक निरपराध माणूस ठाण्यात बसतो आणि खरा चोर तेवढ्या दिवसांत सोनं वितळवून मोकळा होतो. काही नंतर आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळं आठवायलाच हवं असं दडपण घेऊ नका. सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

घटनास्थळ पंचनामा

पंचनाम्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तपासातला हा सगळ्यात साधा दिसणारा कागद सगळ्यात जास्त खटले पाडतो.

पंचनामा म्हणजे दोन पंचांच्या, म्हणजे बाहेरच्या तटस्थ साक्षीदारांच्या, समक्ष पोलिसांनी त्या जागेचं केलेलं लेखी चित्र. चांगल्या पंचनाम्यात जागेची चतुःसीमा असते, दार कोणत्या दिशेला उघडतं ते असतं, कोयंडा कसा आणि कुठल्या बाजूने उचकटला आहे, लाकडावर हत्याराची खूण किती लांब-रुंद आहे, कपाट दारापासून किती फुटांवर आहे, उजेड कशाचा होता, पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, हे सगळं असतं. सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा असतो. तिथून काही जप्त केलं तर प्रत्येक वस्तू वेगळी पाकिटबंद करून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेचं सील मारून घेतात, आणि ते सगळं पंचनाम्यात लिहितात.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने यात एक चांगली भर घातली. झडती आणि जप्तीचं, वस्तूंची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या होईपर्यंतचं, चित्रीकरण करावंच लागतं आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पोलीस त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप वापरतात. घटनास्थळी अंमलदार मोबाइल धरून उभा दिसला तर त्याला अडवू नका. आरोपी, फिर्यादी आणि पोलीस, तिघांच्याही हिताचं ते काम चालू आहे.

आता पंच म्हणून तुम्हालाच बोलावलं तर काय? शेजाऱ्याकडे चोरी झाली की पंच शेजारचाच होतो. लोक टाळतात, कारण कोर्टात खेटे घालावे लागतील ही भीती. भीती खोटी नाही. पण चांगले पंच मिळाले नाहीत की ठाण्याच्या ओळखीतले, नेहमीचेच लोक पंच म्हणून उभे राहतात आणि बचावाचे वकील पहिल्या दोन प्रश्नांत त्यांची विश्वासार्हता काढून घेतात. शेजाऱ्याचं गेलेलं सोनं परत मिळावं असं वाटत असेल तर पंच व्हा. झडतीसाठी लेखी हुकूम देऊन बोलावलं असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाही आहे.

पंच झालात की हे पाळा. जागेवर प्रत्यक्ष जा, ठाण्यात बसून सही करू नका. कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या कागदावर सही करू नका. जे लिहिलं आहे ते स्वतः पाहिलं का, एवढंच स्वतःला विचारा. कोयंडा 'डाव्या बाजूचा' लिहिलाय आणि तुम्हाला उजव्या बाजूचा दिसतोय, तर तिथेच दुरुस्ती करायला लावा आणि दुरुस्तीजवळ सही करा. वेळ तुमच्या घड्याळात बघा. घरी जाऊन दिवसभराची स्वतःची टिपण लिहून ठेवा. साक्षीला बोलावणं चार वर्षांनीही येऊ शकतं, तोवर कुठल्या बाजूचा कोयंडा होता हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. कोर्टात आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजाने उत्तर देणारा पंच पुढच्याच प्रश्नाला सापडतो, आणि त्याच्याबरोबर त्याने पाहिलेली खरी गोष्टही बुडते.

ठसेतज्ज्ञ काय शोधतो

बोटांच्या ठशांनी गुन्हेगार शोधण्याचं शास्त्र आपल्याच देशात रुजलं. जगातलं पहिलं अंगुली मुद्रा केंद्र १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं. ठशांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत नंतर एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिच्या मागचं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांचं होतं. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

तज्ज्ञ पावडर, ब्रश, चिकटपट्टी आणि कॅमेरा घेऊन येतो. काच, स्टील, पॉलिश केलेलं लाकूड, रंगवलेलं लोखंडी कपाट यांवर ठसे चांगले उमटतात. खडबडीत भिंत, कापड, न रंगवलेलं लाकूड यांवर फारसं काही मिळत नाही. घरातल्या सगळ्यांचे ठसेही तो घेईल. रागावू नका. तुमचे ठसे वजा केल्याशिवाय परका ठसा कुठला हे त्याला कळणार नाही. चोर हातमोजे घालून आला असेल तर ठसे मिळणारही नाहीत. ते तपासाचं अपयश समजू नका.

ठसा कुठे सापडला याला फार महत्त्व असतं. ठसा किती जुना आहे हे खात्रीने सांगता येत नाही. मुख्य दारावर कुरिअरवाल्याचा, दूधवाल्याचा, केबलवाल्याचा ठसा असणारच, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण कपाटातल्या लॉकरच्या आतल्या कप्प्यावर अशा माणसाचा ठसा मिळाला, ज्याला घरात येण्याचं काहीच कारण नाही, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून ठसेतज्ज्ञाला सांगा की कुठल्या जागेला घराबाहेरचं माणूस कधीच हात लावत नाही. हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं.

मिळालेला ठसा राज्याच्या नोंदींशी आणि २०२२ पासून देशभरासाठी सुरू झालेल्या नाफिस या संगणकीय प्रणालीतल्या नोंदींशी ताडून बघतात. सराईत चोर आधी कुठे पकडला गेला असेल तर दुसऱ्या राज्यातूनही नाव निघू शकतं.

काच फोडताना चोराचा हात कापला असेल तर रक्त हा फार मोलाचा पुरावा. ते ओलं असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही भरू नये. आत दमट होतं, बुरशी येते आणि नमुना सडतो. सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवतात. हे काम तज्ज्ञाचं आहे, तुमचं काम त्या काचेपासून मुलांना लांब ठेवण्याचं. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट द्यावी अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आली आहे, आणि ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायला राज्यांना ५ वर्षांची मुदत दिली आहे. घरफोडी करून चोरी त्या शिक्षेत बसते, तेव्हा तज्ज्ञ पथक येणार का हे तपास अधिकाऱ्यांना विचारायला हरकत नाही.

नमुने मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. तिथून येतो तो अहवाल, ज्याला पोलीस आणि वकील अजूनही 'सी.ए. रिपोर्ट' (केमिकल ॲनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. पाकीट प्रयोगशाळेत पोहोचलं तेव्हा सील शाबूत होतं का, ते नेलं कुणी, मधले दिवस ते मुद्देमाल कारकुनाकडे होतं की कुणाच्या ड्रॉवरमध्ये, या प्रश्नांवर रक्ताचा उत्तम अहवालही कोर्टात गळून पडू शकतो.

श्वान पथकाबद्दल थोडं. कुत्रा रस्त्यापर्यंत माग काढतो आणि तिथून वास तुटतो, म्हणजे चोर गाडीने गेला एवढं कळतं. तपासाला दिशा मिळते. पण कुत्रा एखाद्या माणसापुढे भुंकला म्हणून तो चोर ठरत नाही, न्यायालयं अशा पुराव्याला फार कमी वजन देतात. गर्दीला हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर एखाद्या गरिबाला मार बसतो.

सीसीटीव्ही: सगळ्यात लवकर नाहीसा होणारा पुरावा

डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं, चित्रण कायम राहत नाही. हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर ते काही दिवस टिकेल की महिनाभर, हे ठरतं. त्यामुळे फिर्याद दिली त्याच दिवशी आजूबाजूला फिरा. किराणा दुकान, मेडिकल, एटीएम, समोरची सोसायटी, पेट्रोल पंप, कुठे कुठे कॅमेरे आहेत त्यांची यादी करून तपास अधिकाऱ्यांना द्या. दुकानदाराला हात जोडून सांगा की पोलीस येईपर्यंत चित्रण पुसू देऊ नका. चोराचा चेहरा दिसावा अशी अपेक्षा ठेवू नका. गाडीचा रंग, चालण्याची लकब, पाठीवरची सॅक, जाताना सॅक फुगलेली, एवढ्यानेही माग लागतो.

हे चित्रण कोर्टात आणताना फार खटले अडखळतात. मूळ डीव्हीआर न आणता त्याची प्रत पेनड्राइव्हवर दिली, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. यातला धडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दिला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला, आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर सगळं येऊन ठेपलं. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रणाचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मूळ उपकरण समोर नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्या वेळी कायदा जुना होता, कलम ६५-ब. नव्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहायचं असतं. फाइलमधला एक बिंदूही बदलला की हे मूल्य बदलतं, त्यामुळे छेडछाड झाली का ते कळतं.

म्हणून स्वतःच्या घराच्या कॅमेऱ्याचं चित्रण देताना काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेली क्लिप देऊ नका, ती आकाराने लहान होते आणि मूळ फाइल राहत नाही. टीव्हीच्या पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंगही नको. डीव्हीआरमधून थेट, पूर्ण लांबीची फाइल घ्यायची. ती घेताना डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ एकाच फोटोत घ्या. डीव्हीआरचं घड्याळ अनेकदा मागे-पुढे असतं, आणि तो फरक पंचनाम्यात नोंदला गेला नाही तर आरोपी 'त्या वेळी मी दुसरीकडे होतो' असं सहज दाखवतो. चोराची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा. पुढे साक्षीदाराला आरोपी ओळखायला सांगतात तेव्हा 'तुम्ही याचा फोटो आधीच मोबाइलवर पाहिला होता ना?' या एका प्रश्नात ओळख निकामी होते.

मोबाइलचा माग

चोराने फोन वापरला असेल तर त्या परिसरातल्या टॉवरवरच्या सगळ्या क्रमांकांची माहिती पोलीस कंपनीकडून मागवतात, त्याला ते 'डंप डेटा' म्हणतात. दोन-तीन ठिकाणच्या चोऱ्यांच्या वेळी तोच क्रमांक प्रत्येक ठिकाणी दिसला की तपास एका नावापर्यंत येतो. टॉवरवरून परिसर कळतो, घर नाही, त्यामुळे हा पुरावा एकटा उभा राहत नाही. कॉलची नोंद कंपन्यांना २ वर्षं ठेवावी लागते, म्हणजे इथे सीसीटीव्हीइतकी घाई नसते. चोरीला गेलेला फोन मात्र लगेच केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर बंद करा. त्यासाठी एफआयआरची प्रत आणि आयएमईआय लागतो. घरातल्या प्रत्येक फोनवर *#०६# दाबून तो क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा.

आरोपी सापडल्यावर

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. 'त्याने कबूल केलंय' हे वाक्य ऐकून फिर्यादी निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. त्या कबुलीतला फक्त एक तुकडा चालतो. आरोपीने सांगितलं की वस्तू अमुक ठिकाणी लपवली आहे, आणि तिथे ती खरोखर निघाली, तर ती निघण्याशी थेट जोडलेलं तेवढंच विधान ग्राह्य. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणून पोलीस आधी पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहितात, मग पंचांना बरोबर घेऊन तो दाखवेल तिथे जातात. जी जागा पोलिसांना आधीच माहीत होती, किंवा जिथे कुणीही येऊ-जाऊ शकतं, तिथून निघालेल्या वस्तूचं वजन कमी होतं.

सोनं बहुतेकदा एखाद्या सराफाकडून जप्त होतं, आणि तोवर त्याची लगड झालेली असते. लगड ओळखता येत नाही. दागिना जसाच्या तसा मिळाला तर तो त्यासारख्या इतर दागिन्यांत मिसळून, पंचांसमोर तुम्हाला ओळखायला सांगतात. तेव्हा फिर्यादीत लिहिलेला तो डाग, ती फिरकी उपयोगी येते. शंका असेल तर ओळखू नका. दुसऱ्या घराचं मंगळसूत्र आपलं म्हणून घेण्याने त्या घराचंही नुकसान होतं आणि खटल्याचंही.

माणूस ओळखायचा असेल तर ओळख परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात. तोवर आरोपीला बुरख्यात ठेवतात. ठाण्याच्या व्हरांड्यात 'हाच का बघा' असं कुणी दाखवायला आणलं तर बघू नका, आणि तसं घडलं तर दंडाधिकाऱ्यांना सांगा.

जबाबासाठी बोलावणं आलं तर लक्षात ठेवा, १५ वर्षांखालच्या मुलांना, ६० वर्षांवरच्या पुरुषांना, स्त्रियांना, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्तींना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब त्यांच्या घरी येऊन घ्यावा लागतो. फिर्यादीवर सही असते, पण तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत. घ्यायला लागले तर कायदा सांगा.

कुणी चोरी करताना पाहिलंच नसेल तर खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर चालतो. त्याची कसोटी पुण्यात घडलेल्या एका प्रकरणातून आली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच तत्त्वं मांडली आणि त्यांना 'पंचशील' म्हटलं. थोडक्यात, प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी, आणि सगळ्यांची साखळी इतकी पूर्ण हवी की तो निर्दोष असण्याला जागाच उरू नये. त्या खटल्यात पुरावा या कसोटीला उतरला नाही आणि आरोपी सुटला. काहींना हे जड जातं. मला मात्र ती कसोटी कडकच हवी असं वाटतं, कारण चुकीचा माणूस आत गेला की खरा चोर बाहेरच राहतो.

फिर्याद दिल्यावर गप्प बसू नका

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, संदेशाने कळवलं तरी चालतं. नाही कळवलं तर गुन्हा रजिस्टर नंबर लिहून लेखी विचारा. दोषारोपपत्र दाखल झालं की वेळेत प्रत मागा.

जप्त दागिने खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहायला हवेत असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं की फोटो आणि पंचनामा करून वस्तू मालकाला लवकर द्याव्यात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने आता मुदतीच घातल्या आहेत. मुद्देमाल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत वर्णन, फोटो, चित्रण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, पावती किंवा फोटो जोडायचा आणि सुपूर्दनाम्यावर लिहून द्यायचं की कोर्टाने मागितला तर हजर करू. मिळालेला दागिना खटला चालू असेपर्यंत मोडू नका, विकू नका, त्याचं रूपही बदलू नका.

चोर सापडलाच नाही तर महाराष्ट्रात पोलीस कोर्टात 'ए समरी' पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपीचा तपास लागला नाही, असा तिचा अर्थ. फिर्याद खोटी वाटली तर 'बी समरी', गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची वाटली तर 'सी समरी'. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून पक्कं आहे. कोर्टाची नोटीस आली की जा. कुठला कॅमेरा तपासला नाही, कुठला साक्षीदार विचारला नाही, ठशांचा अहवाल आला का, हे लिहून द्या. कोर्ट पुढील तपासाचा आदेश देऊ शकतं. आणि ए समरी झाली तरी गुन्हा कायमचा मिटत नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात पकडलेल्या टोळीचे ठसे तुमच्या लॉकरवरच्या ठशाशी जुळले तर फाइल पुन्हा उघडते. तेव्हा पोलिसांना तुम्ही सापडायला हवे, म्हणून घर बदललं किंवा मोबाइल नंबर बदलला तर गुन्हा रजिस्टर नंबर घालून ठाण्याला तसं लेखी कळवा आणि त्याची पोच एफआयआरच्या प्रतीला टाचून ठेवा.